मशीन पाणी मारते की नाही?

लहान गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने मोठा धंदा बसतो, हे दुकानदारास समजावून सांगावे लागत नाही. गल्ल्याचा हिशेब रोज संध्याकाळी जुळविला नाही तर वर्षअखेरीस काय होते, ते तो जाणून असतो. मच्छीमारीच्या धंद्यातही अशीच रोज पाहण्याची एक गोष्ट आहे. होडीच्या मागे लावलेल्या आऊटबोर्ड मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार, ही ती गोष्ट होय. मिरकरवाड्यापासून साखरीनाट्यापर्यंत आमच्या अनेक दालदी बांधवांची चूल समुद्रावर पेटते. यांपैकी लहान होडीवाल्यांची सारी कमाई या एका मशीनवर उभी असते. ती धार बंद पडली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर थोड्याच वेळात मशीन तापून पिस्टन जाम होतो. मग ऐन हंगामात होडी किनाऱ्याला, खलाशी घरी आणि मालक सावकाराच्या दारी!

एका बंदरावरील गॅरेजमध्ये आम्ही असेच एक मशीन उघडलेले पाहिले. सिलिंडरला आतून ओरखडे पडले होते. मालक म्हणत होता, “कालपर्यंत चांगले चालत होते.” विचारपूस करता खलाशाने सांगितले की, चार दिवसांपासून पाणी कमी मारत होते. भोकात तार घातली की धार पुन्हा सुरू होई, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. खरा दोष भोकात नव्हताच. खालच्या पंपातील रबरी चक्राच्या दोन पाकळ्या तुटल्या होत्या. शंभर-दोनशे मिलीमीटरच्या तारेने चार दिवस रोग झाकून ठेवला आणि पाचव्या दिवशी मशीन गेले.

म्हणून ही व्यवस्था कशी चालते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. मशीनच्या पाण्यात बुडालेल्या भागाला बारीक जाळी असते. तेथून समुद्राचे पाणी आत येते. वर पंपात रबराचे पाकळ्यांचे चक्र असते. कारागीर त्यास इम्पेलर म्हणतात. हे चक्र पाणी वर ढकलते, ते पाणी सिलिंडरभोवती फिरून उष्णता घेते आणि बहुतेक सगळे धुरासोबत खालून निघून जाते. त्यातला अगदी थोडा भाग एका बारीक नळीने मागच्या भोकातून बाहेर पडतो. तो केवळ आपल्याला दिसावा म्हणून! हकीम नाडी पाहतो, तशी ही मशीनची नाडी आहे. नाडी दाबून धरल्याने रोगी मरत नाही, तसे केवळ हे भोक बुजल्याने मशीन तापत नाही. परंतु नाडी कळेनाशी झाली की आत काय चालले आहे, हेही कळेनासे होते. धोका आहे तो हा.

भोक बुजण्याची कारणे आपल्या किनाऱ्यावर तीन-चारच आहेत. पहिले कारण मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मशीन बंद केल्यावर आत राहिलेले पाणी सुकते आणि त्याचे खडे अरुंद जागी धरतात. दुसरे कारण वाळू आणि गाळ. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यातून मशीन तसेच रेटले की पंख्याने उसळलेला चिखल जाळीतून आत ओढला जातो. तिसरे कारण म्हणजे प्लास्टिकची पिशवी. ती जाळीवर चिकटली की पाणी आत येणेच थांबते. चौथे कारण ऐकून काहींना हसू येईल, पण ते खरे आहे. पावसाळ्यात मशीन पडवीत ठेवलेले असताना कुंभारीण माशी त्या भोकात मातीचे घर करते!

यावर उपाय खर्चाचे नाहीत, सवयीचे आहेत. समुद्रावरून आल्यावर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून न्यूट्रलमध्ये पाच-दहा मिनिटे चालवावे. पाण्याची पातळी जाळीच्या वर असलीच पाहिजे आणि हात व कपडे पंख्यापासून दूर ठेवले पाहिजेत. बऱ्याच नव्या चार-स्ट्रोक मशीनना नळी जोडून धुण्याची सोय असते. त्यांपैकी काहींत धुताना मशीन बंद ठेवायचे असते, म्हणून कंपनीची पुस्तिका आधी वाचून घ्यावी. धुऊन झाल्यावर मशीन उभे ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. उथळ पाण्यात मशीन बंद करून वल्ही मारावीत. होडी नांगरून ठेवताना मशीन पाण्याबाहेर उचलून ठेवावे, नाहीतर जाळीवर शिंपलेवर्गी जीव धरतात. पाण्याविना जमिनीवर मशीन सुरू करून “आवाज कसा येतो” ते पाहण्याची खोड तर सोडूनच द्यावी. रबरी चक्राला पाण्याचेच वंगण असते. कोरडे फिरले तर ते थोडक्यात जळते.

धार बारीक झाली तर काय करावे? मशीन ताबडतोब बंद करावे. प्रथम जाळीवर पिशवी वा शेवाळ आहे का ते पाहावे. नंतर भोकात जाड तंगुसाचा तुकडा घालून हळूच फिरवावा. लोखंडी तार घालू नये. तिने आतली नळी फाटते, प्लास्टिकचा सांधा मोडतो. जमल्यास नळी सोडवून उलट बाजूने गोडे पाणी मारावे, म्हणजे खडा आत न ढकलला जाता बाहेर येतो. एवढे करून धार जोरात आली आणि जोरातच राहिली, तर काम झाले. पुन्हा मंदावली, तर दोष भोकात नाही, पंपात किंवा थर्मोस्टॅटमध्ये आहे असे समजून कारागिराकडे जावे. तापलेल्या मशीनवर गार पाणी मात्र ओतू नये. तडा जाण्याचा धोका असतो.

आमचे काही मच्छीमार बांधव म्हणतील, “एप्रिल-मे महिन्यात प्यायला गोडे पाणी मिळत नाही, मशीनला कोठून घालावे?” ही तक्रार खोटी नाही. डोक्यावर हंडा वाहून आणणाऱ्या मायबहिणींना विचारल्याशिवाय असा सल्ला देणे आम्हासही प्रशस्त वाटत नाही. परंतु एकेकाने वेगळे पिंप भरण्याची गरज नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने बंदरावर एक सामाईक पिंप ठेवले, तर त्याच पाण्यात अनेक मशीन धुता येतील. पाणी खारट किंवा तेलकट लागले की बदलावे. तेलकट पाणी विहिरीजवळ ओतू नये, एवढी खबरदारी घ्यावी. रोज जमत नसेल त्याने निदान एक दिवसाआड, आणि मशीन काही दिवस उभे राहणार असेल तेव्हा तर न चुकता धुवावे.

आता दोन शब्द आमच्या कारागीर व दुकानदार बांधवांसाठी. खरे तर हा लेख त्यांच्यासाठीच आहे. गिऱ्हाइकाला ही माहिती दिली तर आपले काम कमी होईल, असे काही कारागिरांना वाटते. मशीन जाम झाले की मोठे बिल होते, हे खरे. पण ते बिल गिऱ्हाईक एकदाच देते. दुसऱ्यांदा देण्याइतके त्याच्याजवळ उरत नाही. उधारी थकते आणि शेवटी होडी विकली जाते. होडी गेली की गिऱ्हाईकही गेले. मच्छीमार बुडाला आणि बंदरावरचा मेकॅनिक तरला, असे आम्ही कोठे पाहिलेले नाही.

याउलट महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मच्छीमारी बंद असते. या दोन महिन्यांत गॅरेजात काम कमी असते. हाच काळ वार्षिक तपासणीचा ठरवावा. ठराविक मजुरी आधी सांगावी. खालचा भाग उतरवून पंप उघडावा, चक्र पाहावे, वाळूवर चालणाऱ्या मशीनचे तर दरवर्षी बदलावे. जुन्या चक्राच्या पाकळ्या मोजाव्यात. एखादी तुटली असेल तर तिचा तुकडा शोधून काढल्याशिवाय मशीन बंद करू नये, कारण तोच पुढे पाण्याची वाट अडवितो. बोल्टना ग्रीस लावून बसवावे. वर्षानुवर्षे न उघडलेले बोल्ट खाऱ्या हवेने असे धरतात की पुढे ते तोडावे लागतात. मशीन सुती कापडाने झाकून द्यावे आणि हंगामाआधी भोक पाहण्यास गिऱ्हाइकाला बजावावे. यात कारागिराला पावसाळ्यात नियमित रोजगार आहे, आणि शिकाऊ मुलाला गडबडीविना हुन्नर शिकण्यास वेळही आहे.

दुकानदाराचे कर्तव्य तर याहून सोपे आहे. इम्पेलर अस्सल आहे की डुप्लिकेट, ते विकताना स्पष्ट सांगावे. दोन्ही ठेवण्यास हरकत नाही, पण डुप्लिकेट माल अस्सल म्हणून देणे हा व्यापार नव्हे. दहा वाव पाण्यात रबर फाटते, तेव्हा दुकानदार तेथे नसतो. तेथे असतात ते चार गरीब खलाशी. मशीन विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला ते भोक बोटाने दाखवावे आणि तंगुसाचा एक तुकडा हातात द्यावा. त्याची किंमत काहीच नाही, पण गिऱ्हाईक तो दुकानदार आयुष्यभर विसरणार नाही.

तांडेल मंडळींनी मशीन सुरू करताच एकदा मागे वळून पाहावे. धार जोरात आहे का? तशीच आहे का? हा नजरेचा एक क्षण वाचविण्यासारखा नाही. आणि ज्याने ते मशीन विकले व ज्याने ते दुरुस्त केले, त्यांनी ही सवय लावून देणे आपल्या धंद्याचाच भाग समजावा, एवढेच आमचे सांगणे आहे.