‘पहिली स्त्री’ लिहिण्याआधी पार्डुबित्सेची शर्यत वाचा

१० एप्रिल २०२१ रोजी रेचल ब्लॅकमोर हिने मिनेला टाइम्स या घोड्यावरून लिव्हरपूलची ग्रँड नॅशनल जिंकली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री, हे निर्विवाद. मात्र या विधानातून शर्यतीचे नाव गळाले की ‘जगातील सर्वांत खडतर स्टीपलचेस जिंकणारी पहिली स्त्री’ असे वाक्य उरते, आणि इतिहासप्रेमी म्हणवणारेही ते बिनदिक्कत पुढे पाठवतात. आक्षेप ब्लॅकमोरच्या पराक्रमावर नाही. त्या गळालेल्या नावावर आहे.

वेल्का पार्डुबिट्स्का ही बोहेमियातील पार्डुबित्से शहराची स्टीपलचेस १८७४ पासूनची, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या काळातली. अंतर जवळजवळ सात किलोमीटर, वाटेत नांगरलेली शेतेही. तिचा चौथा अडथळा ‘टाक्सिस’: दीड मीटर उंच कुंपण आणि त्यामागे चार मीटर रुंद चर. झेप घेताना घोड्याला तो चर दिसत नाही. पूर्वी त्याची खोली दोन मीटर होती. घोड्यांचे मृत्यू आणि जनक्षोभ यांमुळे गेल्या शतकाच्या अखेरीस ती कमी केली गेली. ‘ती कुठली तरी गावजत्रेतली शर्यत असेल’ असे म्हणणाऱ्यांनी एवढा चर डोळ्यांपुढे आणावा.

१७ ऑक्टोबर १९३७ रोजी ही शर्यत लाता ब्रांडिसोवा हिने जिंकली. (‘लाता’ हे ‘इमाक्युलाता’चे लघुरूप, आपल्या लतेशी त्याचे नाते नाही.) वय ४२. घोडी नॉर्मा, किन्स्की घराण्याने जोपासलेल्या जातीची. प्रतिस्पर्ध्यांमध्ये नाझी संघटनांचे अधिकारी होते. पुढच्या वर्षी म्युनिक कराराच्या धामधुमीत शर्यत झालीच नाही.

आता मूळ मुद्दा. ‘अखेर २०२१ मध्ये स्त्रीने हेही साध्य केले’ ही मांडणी ऐकायला गोड, पण इतिहास म्हणून खोटी आहे. तिच्यात असे गृहीत धरलेले असते की स्त्रिया हळूहळू सक्षम होत गेल्या आणि एके दिवशी त्या उंचीला पोहोचल्या. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापर्यंत अशा शर्यतींत उतरण्याची परवानगीच स्त्रियांना नव्हती. ग्रँड नॅशनलमध्ये पहिली स्त्री, शार्लट ब्रू, धावली १९७७ साली. ब्रांडिसोवा पार्डुबित्सेत प्रथम उतरली १९२७ साली, पुरुष स्वारांचा विरोध पत्करून. वारंवार पडली आणि तरीही पाचवी आली. मधली पन्नास वर्षे क्षमतेच्या अभावाची म्हणायची, की कुलूप लावलेल्या दाराची? दार बंद करणाऱ्याचे नाव न घेता दार उघडल्याचा सोहळा करणे म्हणजे त्याला फुकट माफी देणे होय.

‘ती विस्मृतीत गेली’ हे कर्तृत्वहीन क्रियापदही मला मान्य नाही. विस्मृती आपोआप येत नाही. १९४८ नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीला उमराव घराण्यातली नायिका नको होती. कुटुंबाची मालमत्ता गेली. राष्ट्राने जिला खांद्यावर घेतले होते, ती बहिणींसोबत एका लहानशा घरात उपेक्षित जिणे जगली. ‘चेक कन्येने नाझींना हरवले’ ही देशभक्त आवृत्तीही म्हणून अपुरी आहे. ज्या राष्ट्राचा तो विजय म्हणतात, त्याच राष्ट्राच्या सरकारने तिला बाजूला सारले.

भाषेची सबबही चालणार नाही. रिचर्ड आस्क्विथ या इंग्रज लेखकाने लिहिलेले तिचे चरित्र २०१९ मध्ये, म्हणजे ब्लॅकमोरच्या विजयाच्या दोन वर्षे आधी, इंग्रजीतच प्रसिद्ध झाले होते. तेव्हा वाक्य दुरुस्त करा: ‘ग्रँड नॅशनल जिंकणारी पहिली स्त्री.’ दोन शब्द कमीच होतात. ब्रांडिसोवा १९८१ मध्ये ऑस्ट्रियात वारली. तोवर आणि त्यानंतरही कित्येक दशके वेल्का पार्डुबिट्स्का जिंकणारी दुसरी स्त्री झाली नाही.