किशोरांच्या हाती कोणता इतिहास?

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. पुढच्याच महिन्यात बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात माणसे रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते उकरू लागली. मोगलांचे सोने तिथे पुरले आहे, अशी चित्रपट पाहून त्यांची खात्री पटली होती! त्याच महिन्याच्या १७ तारखेला औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल उसळली, तीत एकाचा बळी गेला. आणि या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी, चित्रपटाला दोष न देता, विधानसभेत सांगितले. या चित्रपटाला आधार होता तो १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंतांच्या कादंबरीचा. कादंबरी ही विरंगुळ्याची वस्तू आहे, राजकीय कार्यकर्त्याने तिची दखल कशाला घ्यावी, असे मानणाऱ्यांनी एवढ्या घटना तरी ध्यानात ठेवाव्यात.

असे मानणारे डाव्या चळवळीत थोडे नाहीत. इतिहास इतिहासग्रंथांतूनच वाचावा, कादंबरीने तो नासतो, ही त्यांची जुनी समजूत. घरातले मूल मोठे होऊ लागले की त्याच्या हाती ते पुस्तिका देतात. गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका १९८८ पासून अशी असंख्य घरांत पोचली आणि तिने केलेले काम मोलाचे आहे, याविषयी शंकाच नको. परंतु पुस्तिका मत बदलते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाजवळ बदलण्याजोगे मतच अजून नसते. त्याला हवा असतो घोडा, अंधारी रात्र, पाठलाग, फितुरी आणि सुटका. हे ज्याच्या पुस्तकात मिळेल त्याच्यामागे ते जाते. पुढे विसाव्या वर्षी त्याला जे मत म्हणून ठाऊक असते, ते पुष्कळदा त्या रात्रीच्या पाठलागातच घडलेले असते. प्रतिगाम्यांना हे कधीच कळले आहे. पुरोगाम्यांना मात्र अजून वाटते की, तळटीपांनी मुले जिंकता येतात.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून, म्हणजे १८७१ पासून मानतात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’ने तिला तारुण्य दिले. परक्या सत्तेखाली दबलेल्या समाजाला आपल्या पराक्रमाची आठवण करून देणे हे त्या काळी राजकीय कार्यच होते. मराठी कादंबरीकारांवर वॉल्टर स्कॉटची छाया होती हे सर्वमान्य आहे. पण स्कॉटकडून त्यांनी वेषांतरे आणि भुयारे जितक्या हौसेने घेतली, तितकी त्याची मुख्य युक्ती घेतली नाही. जॉर्ज ल्यूकाच याने १९३६–३७ साली ऐतिहासिक कादंबरीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ती युक्ती अचूक पकडली आहे. स्कॉटचा नायक राजा नसतो. तो दोन छावण्यांच्या मध्ये सापडलेला साधारण माणूस असतो. राजे-सरदार दुय्यम भूमिकांत येतात आणि जातात. त्यामुळे वाचकाला युग दिसते. मराठीत मात्र राजा मध्यभागी बसला आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही उठेना. उलट, परसत्ता गेल्यावर त्याच्याभोवतीची नक्षी वाढली: झुंबरे, पैठण्या, अत्तरदाण्या, सदरेवरचे निःश्वास. रयत उरली ती मुजऱ्यापुरती.

रणजित देसायांच्या ‘स्वामी’चेच (१९६२) उदाहरण घ्यावे. भाषा देखणी, माधवराव-रमाबाईंचे चित्र हृद्य. कादंबरी संपते थेऊरला, रमाबाईंच्या सती जाण्याने, आणि तो शेवट असा करुणरम्य उतरला आहे की पिढ्यान्‌पिढ्या मुली तो वाचून रडल्या. रडू नये असे कोण म्हणेल? पण एका तरुण स्त्रीचे जिवंत जळणे हा प्रीतीचा कळस कसा, हा प्रश्न किती घरांत त्या मुलींना कोणी विचारला? १९८७ च्या सप्टेंबरात राजस्थानात देवराला येथे अठरा वर्षांची रूपकंवर चितेवर जळाली, तेव्हा सुशिक्षितांपैकीही काहींना तिच्यात पावित्र्य दिसले. ते एका कादंबरीने घडवले असे म्हणणे वेडेपणाचे होईल. पण ज्या समाजाला चितेतले सौंदर्य शिकवले जाते आणि चितेतले चटके शिकवले जात नाहीत, त्याला ते दिसणे सोपे जाते.

म्हणून ही पुस्तके मुलांच्या हातून काढून घ्यावीत काय? मुळीच नाही. बंदीचा मार्ग समाजवाद्यांना शोभत नाही आणि त्याचा चटका त्यांच्याच लेखकांना बसलेला आहे. हॉवर्ड फास्टची टॉम पेनवरील कादंबरी १९४७ साली न्यूयॉर्कच्या शालेय ग्रंथालयांतून हद्दपार झाली होती. शिवाय प्रचलित कादंबऱ्यांतही कामाचे पुष्कळ आहे. ते दाखवून देणारा मात्र हवा. विश्वास पाटलांच्या ‘पानिपता’त मुलाला इब्राहिमखान गारदी भेटतो, मराठ्यांच्या तोफखान्याचा सेनानी, जो भाऊंच्या बाजूने लढून शत्रूच्या हाती मेला. आणि ना. सं. इनामदारांनी १९७० च्या सुमारास ‘शहेनशहा’ लिहिली, तिचा नायक खुद्द औरंगजेब आहे. एका मराठी लेखकाने त्या वृद्ध, एकाकी बादशहाच्या अंतःकरणात शिरून पाहिले, मराठी वाचकाने ते पुस्तक डोळ्यांत पाणी आणून वाचले आणि कोणत्याही गडाचा बुरूज ढासळला नाही. कबर उखडण्याच्या घोषणा देणाऱ्या तरुणाला आज हे सांगितले तर त्याला खरे वाटणार नाही.

परंतु केवळ राजांच्या उजव्या-डाव्या आवृत्त्या पुरवून भागणार नाही. मुलाला रयतेतला नायक भेटला पाहिजे, आणि तो मराठीत आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) घोडा आहे, तलवार आहे, रात्रीचा छापा आहे, दुष्काळात उपाशी मरणाऱ्यांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा मांग तरुण आहे, आणि गुन्हेगार जात ठरवून रोज हजेरी घेणारे सरकारही आहे. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केलेली ही कादंबरी प्रौढांच्या अभ्यासक्रमात गेली, व्याख्यानांत गेली. ती तेराव्या वर्षी वाचायची गोष्ट आहे, हेच सर्वांच्या विस्मरणात गेले.

मराठीबाहेरही ही वाट मळलेली आहे. जेफ्री ट्रीझ या तरुण इंग्रज लेखकाने १९३४ साली रॉबिन हुडची कथा डिकन नावाच्या गरीब मुलाच्या नजरेतून सांगितली. तीत राजाचे हरण मारल्यामुळे रानात पळालेला मुलगा आहे, उमरावांचा जुलूम आहे, आणि शेवटी पराभवही आहे. पराभव मुलांना सोसतो. खोटा विजय मात्र त्यांना लगेच ओळखू येतो. महाश्वेतादेवींनी बिरसा मुंडावर लिहिलेली ‘अरण्येर अधिकार’ हिंदीतून वाचता येते. फास्टची ‘स्पार्टाकस’ही ‘आदिविद्रोही’ या नावाने अमृतरायांनी हिंदीत आणली आहे. तुरुंगवास भोगून आलेल्या फास्टला १९५१ साली प्रकाशक मिळेना, तेव्हा त्याने ती स्वतः छापली होती. रोमच्या रस्त्यावर क्रुसावर चढवलेल्या सहा हजार गुलामांची ही कथा पंधरा वर्षांच्या आतील मुलाला देऊ नये, इतकेच. राहुल सांकृत्यायनांच्या ‘व्होल्गा ते गंगा’तला इतिहास बराचसा शिळा झाला आहे, पण हजारो वर्षे वीस कथांत, साध्या माणसांच्या पावलांनी चालवण्याचे धाडस शिळे झालेले नाही.

कबूल करायला हवे की, चळवळीच्या वर्तुळात निघालेली पुष्कळशी बालपुस्तके वाचवत नाहीत. त्यांतला गिरणी कामगार कधी शिवी देत नाही, कधी घाबरत नाही, आणि तिसऱ्या पानावर भाषण करतो. मुले असले पुस्तक मिटतात, आणि ते त्यांचे बरोबरच आहे.

विषयांचा दुष्काळ आहे म्हणावे तर तसेही नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या गर्दीत एखादा दहा वर्षांचा पोर असणारच. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘तलवार’वर खलाशांनी संप केला आणि गिरणगाव त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. आणि १८५५ साली जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीने आपल्या जातीच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदया’त छापला गेला. ती सकाळी कोणत्या वाटेने शाळेला जात असेल, वाटेत तिच्यावर काय फेकले जात असेल, निबंध वाचून झाल्यावर वर्गात काय शांतता पसरली असेल, हे सारे कादंबरीकाराला मोकळे आहे. तिचे नाव हल्ली जयंतीच्या फलकावर असते. वाचनालयाच्या कपाटात मात्र ते शोधावे लागते, आणि त्याच्या शेजारी ‘छावा’च्या प्रती हाताळून फाटलेल्या असतात.