आबांचं डायलिसिस: निर्णय कुणाचा?

ऐंशीकडे झुकलेल्या माणसाचं क्रिएटिनिन वाढत गेलं की घरात कुणी म्हणतं, ‘डॉक्टर, लागेल ते करा.’ दुसरं कुणी दबक्या आवाजात म्हणतं, ‘आता वय झालं, कशाला हाल करायचे?’ दोन्ही मायेपोटीच बोलतात. पण ज्याच्या हातात सुया जाणार, त्या आबांना मात्र कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात जीवनदायी, म्हणजे आताची महात्मा फुले योजना आणि 2016 चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे खर्चाची अडचण बरीच सैल झाली. गोठ्यातली म्हैस विकून डायलिसिस केलेली घरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना याचं मोल सांगायला नको. पण जीव वाचल्यावर पुढचा प्रश्न उरतो: त्या जगण्यात आबांचं डोकं आणि हातपाय किती साथ देतील?

मिनियापोलिसमध्ये पंचावन्न वर्षांपुढच्या 338 डायलिसिस रुग्णांची स्मरण आणि विचारशक्ती तपासली गेली. 2006 साली त्याचे निष्कर्ष आले. 37 टक्के लोकांची अवस्था गंभीर होती, पण केसपेपरवर तशी नोंद जेमतेम 3 टक्क्यांच्या. कारणं गूढ नाहीत. मधुमेह आणि रक्तदाब मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, तशाच मेंदूच्याही. त्यात डायलिसिस चालू असताना बीपी पडतं. डच संशोधकांनी 2018 मध्ये मोजलं, तेव्हा चार तासांत मेंदूचा रक्तपुरवठा सुमारे 10 टक्क्यांनी घटलेला आढळला. आपल्याकडे अनेकांचं डायलिसिस आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच होतं. त्यामुळे प्रत्येक वेळी जास्त पाणी ओढावं लागतं, पायात गोळे येतात, आणि मशीनवरून उठलेल्या माणसाला वडापच्या जीपची पायरी चढायलाही कुणाचा तरी खांदा लागतो. चंदगड, गगनबावड्यासारख्या लांबच्या तालुक्यांतून आलेल्यांचा तर सगळा दिवस त्यातच जातो.

अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत डायलिसिस सुरू झालेल्या 3,702 जणांचा अभ्यास 2009 मध्ये आला. वर्षभरात 58 टक्के दगावले. आंघोळ, कपडे, चालणं यांत आधीइतकी ताकद टिकली ती फक्त 13 टक्क्यांची. हा आकडा पाहून हबकायला होतं, पण तो जसाच्या तसा इथे लावणं चूक ठरेल. ती माणसं आधीच परावलंबी होती. करवीर तालुक्यात अजून रोज उसाच्या बांधावर फेरी मारणारे आबा त्यांच्या रांगेत बसत नाहीत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 1945 साली नेदरलँड्समध्ये डॉ. कोल्फ यांच्या डायलिसिस मशीनने वाचलेली पहिली व्यक्ती 67 वर्षांची बाई होती. बेशुद्धीतून ती शुद्धीवर आली आणि पुढे सात वर्षं जगली. जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडं 1975 मध्ये त्र्याहत्तरीत निकामी झाली. मुंबईच्या जसलोकमध्ये उपचार घेत, डायलिसिसवर असतानाच त्यांनी 1977 चं सत्तांतर घडवलं. नुसता जन्माचा दाखला पाहून नाही म्हटलं असतं, तर काय गमावलं असतं? शिवाय रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे आलेला गोंधळ डायलिसिसने निवळतोही.

म्हणून ‘वय झालं’ हे मला कारण म्हणून मान्य नाही, आणि ‘सगळेच करतात’ हेही नाही. सुरू करण्याआधी आणि नंतर दर काही महिन्यांनी स्मरणशक्ती आणि रोजची कामं तपासली जावीत. ही तपासणी डायलिसिसच्या दिवशी थकलेल्या अवस्थेत नको, मधल्या दिवशी हवी. मराठीत हवी, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही जमेल अशी हवी. दूध संस्थेच्या बिलाचा हिशेब लागतो का, गोळ्या स्वतःच्या हाताने घेतात का, हे सुनेला विचारलं तरी पुष्कळ कळतं. घसरण दिसली तर आधी हिमोग्लोबिन, ऐकू येणं, मनाची उदासी आणि सकाळी घेतलेली बीपीची गोळी यांकडे बघावं. प्रत्येक विसरणं म्हातारपणाचं नसतं.

डायलिसिस नको म्हणणाऱ्याला मात्र आज आपण फारसं काही देत नाही. खाज, धाप, मळमळ यांवर घरी येऊन उपचार करणारं कुणी नसेल, तर ‘नको’ म्हणजे सगळा भार घरातल्या बाईवर. ती सोय होईपर्यंत डायलिसिसचा आग्रह धरणाऱ्या डॉक्टरांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राला (लिव्हिंग विल) सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. गावाकडे त्याची माहिती अजून फारशी पोचलेली नाही.

डायलिसिसच्या सुयांसाठी हातावर फिस्टुला, म्हणजे रक्तवाहिन्यांची जोडणी, केली की ती वापरण्याजोगी व्हायला सहा-आठ आठवडे जातात. आबांशी सविस्तर बोलायला हेच दिवस योग्य, कारण तेव्हा त्यांचं डोकं ताळ्यावर असतं. ज्यांचं डायलिसिस मानेत नळी घालून तातडीने सुरू झालं, त्यांच्याशी तीन महिन्यांनी पुन्हा बोलायला बसायचं, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून ठेवावं. वजन आणि बीपीच्या रकान्यांशेजारी एक रकाना ‘आज आधाराशिवाय वजनकाट्यावर चढले का’ असा असावा. तो तंत्रज्ञच भरेल, कारण आठवड्यातून दोनदा आबांना जवळून पाहणारा तोच असतो.