अंधार मोजणाऱ्यांची कदर करा

सेमीकंडक्टरचा विषय निघाला की आपण लगेच नॅनोमीटरवर येतो. चिप किती बारीक, किती वेगवान, याचीच चर्चा होते. प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनची कसोटी निराळी आहे: गडद अंधारात तो किती शांत राहतो?

प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. पण स्फटिकात लोखंडाचे अगदी थोडे अणू जरी अडकलेले असले, तरी उजेड नसतानाही इलेक्ट्रॉन सुटत राहतात. या गळतीत मंद प्रकाशाची खरी नोंद हरवते. हे अणू येतात भट्टीतून, रसायनांतून, वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती उचलणाऱ्या चिमट्यातूनसुद्धा.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीव्ह हॉलंड यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस यावर नामी उपाय केला. त्यांनी वेफरच्या पाठीवर फॉस्फरसयुक्त पॉलिसिलिकॉनचा थर चढवला. भट्टीच्या उष्णतेत भटकणारे धातूचे अणू त्या थरात जाऊन अडकतात आणि प्रकाश टिपणारा भाग स्वच्छ राहतो. पुढे त्याच प्रयोगशाळेत २५० मायक्रॉन जाडीच्या सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिप, घडल्या. दूरच्या दीर्घिकांचा तांबडा आणि निकट-अवरक्त प्रकाश पातळ सिलिकॉनमधून आरपार जातो, जाड सिलिकॉन तो पकडतो. मात्र जाडी वाढली की गळतीलाही जास्त जागा मिळते, म्हणून इथे शुद्धतेला पर्याय नाही. २०१२ मध्ये चिलीतील ब्लँको दुर्बिणीवर बसवलेला ५७ कोटी पिक्सेलचा डार्क एनर्जी कॅमेरा अशाच सीसीडींचा आहे.

हे काम आपल्याला परके नाही. युरोपातील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्ससोबत सुमारे एक हजार सिलिकॉन डिटेक्टर बनवले. ते प्रकाशाऐवजी कण टिपतात, पण गळतीशी झुंज तीच.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यातून मोठे कारखाने उभे राहावेतच. पण डिटेक्टर थोड्या संख्येने लागतात, त्यामुळे केवळ नफ्याच्या हिशेबावर त्यांची उत्पादनरेषा टिकत नाही. तिला सरकारी आधार हवा. तिथे प्रत्येक वेफरची गळती मोजली जावी, नापास वेफरचे कारण शोधून लिहून ठेवले जावे आणि भट्टी ओळखणारे तंत्रज्ञ दर दोन वर्षांनी दुसरीकडे पाठवले जाऊ नयेत. योजनेच्या पुढच्या टप्प्याच्या अंदाजपत्रकात दोष-विश्लेषणासाठी स्वतंत्र तरतूद असावी, तीही किमान दहा वर्षांची.