दानाची चिठ्ठी आणि हक्काचे कार्ड

हाताने शिवलेली कापडी पिशवी, मेणबत्ती, मण्यांची माळ, गोधडी. सोबत एक छोटी चिठ्ठी : "या विक्रीतील दहा टक्के रक्कम कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी." प्रदर्शनांत आणि मोबाइलवर अशा वस्तू आता सर्रास दिसतात. आपल्या तरुणांचेही असे छोटे व्यवसाय उभे राहत आहेत. १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ६ डिसेंबरला हाताने बनवलेल्या फ्रेम, पेन, पिशव्या, मूर्ती घेऊन ते स्टॉल लावतात. त्यांच्यातल्या काहींना वाटते की आपणही अशी चिठ्ठी लावावी, विक्रीतला वाटा कॅन्सर रुग्णांसाठी द्यावा. हेतू चांगलाच आहे. पण आंबेडकरी माणसाने चांगल्या हेतूलाही प्रश्न विचारले पाहिजेत. ही चिठ्ठी नेमके काय सांगते आणि काय लपवते?

याचे उत्तर शोधताना आधी अमेरिकेतली एक गोष्ट पाहू. स्तनाच्या कॅन्सरची गुलाबी फीत आज जगभर ओळखली जाते. तिची सुरुवात मात्र गुलाबी नव्हती आणि ती कोणत्या कंपनीनेही केली नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील शार्लट हेली नावाची एक वृद्ध स्त्री आपल्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून फिती बनवत होती. फितीचा रंग होता पीच, म्हणजे फिकट नारिंगी. तिच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. पण या फितीसोबत तिने पैसे मागितले नाहीत. तिने एक कार्ड जोडले. त्यावर लिहिले होते की राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचे वार्षिक बजेट १.८ अब्ज डॉलर आहे आणि त्यातले फक्त ५ टक्के प्रतिबंधावर खर्च होतात. ही फीत लावा आणि कायदे करणाऱ्यांना जागे करा.

नीट पाहा, ही हाताने बनवलेली वस्तू होती आणि कॅन्सरसाठीच होती. पण ती दान मागत नव्हती, सरकारी पैशाचा हिशोब मागत होती.

१९९२ मध्ये 'सेल्फ' मासिक आणि एस्टी लॉडर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी तिच्याकडे आली. तिने नकार दिला, कारण तिला यात धंदा दिसला. मग वकिलांचा सल्ला घेऊन रंग बदलण्यात आला. पीचची गुलाबी झाली. कार्ड गळाले, बजेटचा आकडा गळाला, कायदे करणारेही गळाले. उरली फक्त फीत. पुढे ती फीत काय काय विकू लागली? २०१० मध्ये अमेरिकेत केएफसीने तळलेल्या चिकनच्या गुलाबी बादल्या विकल्या आणि प्रत्येक बादलीमागे ५० सेंट कॅन्सर संस्थेला दिले. 'ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन' या तिथल्याच कार्यकर्त्यांच्या संघटनेला लोकांना बजावावे लागले की गुलाबी वस्तू घेण्याआधी विचार करा.

व्यवस्था मागणीला विरोध करतेच असे नाही. अनेकदा ती मागणीचा रंग बदलते आणि तीच बाजारात विकायला ठेवते. आपल्याला हे नवे नाही. बाबासाहेबांचा फोटो लावून त्यांचा विचार बाहेर ठेवणाऱ्यांना आपण रोज पाहतो.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' ही संस्था १९६९ पासून मुंबईत काम करते. गरीब रुग्णांना औषधोपचारासाठी मदत करणे आणि रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांकडून हाताने वस्तू बनवून घेऊन त्यांना चार पैसे मिळवून देणे, हेही तिचे काम. म्हणजे आपला विषय तोच, हाताने बनवलेल्या वस्तू आणि कॅन्सर. पण या संस्थेचे नाव इतिहासात राहील ते वेगळ्या कारणाने.

रक्ताच्या एका कॅन्सरवर 'ग्लिव्हेक' नावाचे औषध आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च साधारण १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळत होते. नोव्हार्टिसला पेटंट मिळाले असते तर हा स्वस्त पर्याय बंद झाला असता. कंपनीचे म्हणणे काय होते? आमचे औषध घेणाऱ्या बहुतेक भारतीय रुग्णांना आम्ही ते फुकट देतो! फुकट कोणाला द्यायचे, किती दिवस द्यायचे, याच्या अटी अर्थातच कंपनी ठरवणार.

दानावर चालणारी एखादी संस्था म्हणाली असती, फुकट मिळते आहे, घ्या आणि आभार माना. या संस्थेने तसे केले नाही. तिने पेटंटलाच आव्हान दिले. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा आधार घेऊन नोव्हार्टिसचा दावा कायमचा फेटाळला. मेणबत्त्या आणि पिशव्या विकून किती रुग्णांना ते महागडे औषध देता आले असते? शंभर? दोनशे? न्यायालयातल्या एका लढाईने ते औषध प्रत्येक रुग्णासाठी स्वस्त राहिले, कोणाच्याही मेहरबानीशिवाय.

कोणी म्हणेल, हक्काची लढाई वर्षानुवर्षे चालते, केमोची तारीख मात्र परवाची आहे. रुग्णाने तोवर काय करायचे? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून क्रांतीच्या गप्पा मारणे निर्दयपणाचे आहे. गावाहून परळला आलेल्या कुटुंबाला राहायला जागा लागते, जेवण लागते, तपासण्यांचे पैसे लागतात. ते द्यायलाच हवेत. दान आपल्याला परके नाही. दहा पारमितांमध्ये दान आहेच. पण बुद्धाच्या धम्मात दान देणारा वर आणि घेणारा खाली बसत नाही. दान कोणाला करायचे हेही जात पाहून ठरवणारी वृत्ती बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये उघडी पाडली आहे. आपले दान त्या वाटेने जाता कामा नये.

दुसरा प्रश्न वस्तू बनवणाऱ्या हातांचा. बुरुडाने टोपली विणली की गिऱ्हाईक घासाघीस करते. तीच टोपली एखाद्या ब्रँडच्या हाती गेली की 'हॅण्डमेड' होते आणि तिची किंमत कित्येक पटींनी वाढते. त्यातले दहा टक्के कॅन्सरला गेले म्हणून मालकाचे कौतुक होते. पण जी बाई घरी बसून नगावर मजुरी घेऊन शिवणकाम करते, तिला उद्या कॅन्सर झाला तर? तिच्या नावावर काय आहे?

इथे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा : दान आणि अंशदान. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना मांडली आणि पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या विम्यात मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. हे अंशदान. ते मालकाच्या मनावर नसते, कायद्याने भरावेच लागते. अटी पूर्ण असतील तर कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात उपचारांसोबत पगाराच्या ८० टक्के भत्ताही मिळतो. त्यासाठी कामगाराला कोणापुढे रडावे लागत नाही, फोटो द्यावा लागत नाही. मात्र नगावर काम करणाऱ्या आपल्या बहुसंख्य आयाबहिणी या विम्याच्या बाहेर आहेत. दहा टक्के दानाची जाहिरात करणाऱ्याला विचारा, तुझ्या कारागिरांच्या विम्याचे काय?

मग व्यवसाय करणाऱ्या आपल्या तरुणांनी काय करावे? आधी हिशोब स्वच्छ ठेवावा. दहा टक्के विक्रीचे की नफ्याचे, हे चिठ्ठीवर लिहा. कोणत्या संस्थेला दिले, त्याची पावती सर्वांना दिसेल अशी ठेवा. ८०जी ची करसवलत तुम्ही स्वतः घेणार असाल तर तेही सांगा. बनवणाऱ्याला पूर्ण मजुरी आधी द्या, दान नंतर.

आणि शार्लट हेलीचे कार्ड पुन्हा जोडा. प्रत्येक पिशवीत, प्रत्येक फ्रेममागे एक कार्ड घाला. त्यावर लिहा : महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात आणि त्यात कॅन्सरचे उपचारही आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार हे बंधनकारक आहे. नाकारले तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.

कित्येक कुटुंबे दागिने आणि शेत विकून बसल्यावर त्यांना या खाटांबद्दल कळते. तुमच्या दहा टक्क्यांतून एका रुग्णाची एक तपासणी होईल. तुमच्या कार्डामुळे एखाद्या घराचे शेत वाचेल. आणि हजार कार्डे हजार घरांत गेली, तर धर्मादाय नाव लावून गरिबाला दारातून परत पाठवणाऱ्या रुग्णालयांना त्या खाटांचा हिशोब द्यावा लागेल.

संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. हे कर्तव्य सरकारने टाळायचे आणि त्याची भरपाई आपण पिशव्या विकून करायची, हा सौदा आपल्याला मान्य नसावा. वस्तू जरूर विका, दान जरूर द्या. पण प्रत्येक वस्तूबरोबर एक मागणी गेली पाहिजे.

जय भीम!