शिक्षण मोफत, उंबरठा महाग

गणित हे सर्व शास्त्रांत कमी खर्चाचे शास्त्र समजले जाते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, महागडी यंत्रे लागत नाहीत. कागद, फळा, ग्रंथालय आणि समानशील माणसांची संगत एवढ्यावर ते वाढते. असे असताना, या शास्त्राची पदव्युत्तर पदवी परदेशात घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या योजनेचा आरंभ गणितापासून न करता बँकेतील शिलकेपासून करावा लागतो. हा प्रश्न एखाद्या घराच्या अडचणीचा नाही. ज्ञानाचे दार कोणासाठी उघडे राहावे, या तत्त्वाचा आहे.

या संदर्भात जर्मनीचे उदाहरण घेणे उचित ठरेल, कारण तो देश इतरांहून पुष्कळ बरा आहे. ब्रिटनमध्ये १९६७ साली, मजूर पक्षाचे सरकार असतानाच, परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क ७० पौंडांवरून २५० पौंडांवर नेण्यात आले. पुढे थॅचर सरकारने १९८० पासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण अंमलात आणले. समाजवादी व्यासपीठांवरून ज्यांचा दाखला वर्षानुवर्षे दिला गेला, त्या उत्तर युरोपातील देशांनीही हीच वाट धरली. डेन्मार्कने २००६, स्वीडनने २०११, फिनलंडने २०१७ आणि नॉर्वेने २०२३ साली युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांवर शुल्क बसविले. जर्मनीत मात्र उलट घडले. तेथील काही राज्यांनी लावलेले सर्वसाधारण शिक्षणशुल्क एकामागून एक रद्द झाले आणि २०१४ साली लोअर सॅक्सनी या शेवटच्या राज्यानेही ते काढून टाकले. आजही तेथील बहुसंख्य सरकारी विद्यापीठांत देशी व परदेशी विद्यार्थी सारखेच, म्हणजे केवळ सत्राची किरकोळ वर्गणी भरून, शिकतात.

या उदारतेमागे इतिहासाचा धडा आहे. १९३३ साली नाझी राजवटीने ग्योटिंगेन विद्यापीठातून एमी नोएथर यांच्यासारख्या थोर गणितज्ञांना घालवून दिले आणि जगातील एक अग्रगण्य गणितपीठ काही महिन्यांत उजाड झाले. युद्धानंतर फ्रीडरिख हिर्त्सेब्रुख यांनी बॉन येथे १९५७ पासून देशोदेशींच्या गणितज्ञांना निमंत्रित करून वार्षिक परिषदा भरविल्या. १९८० साली तेथे मॅक्स प्लांक गणित संस्था उभी राहिली. त्याच बॉन विद्यापीठातील पेटर शोल्झे यांना २०१८ साली फील्ड्स पदक मिळाले. दारे बंद केल्याने काय जाते आणि उघडल्याने काय येते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागू नये.

परंतु शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असा समज करून घेणे भाबडेपणाचे ठरेल. मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात गणित घेऊन बी.एस्सी. करणारी शेतमजुराची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिची बुद्धी कितीही तल्लख असली तरी तिला आधी प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी १८,००० रुपये भरावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना ही पडताळणी नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीची झाली आहे. अनेक विद्यापीठांचे अर्ज तपासणारी जी मध्यवर्ती संस्था आहे, ती पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढील प्रत्येक अर्जाला ३० युरो घेते. भाषेच्या परीक्षेचा खर्च वेगळा. एवढे करून प्रवेश मिळाला, की व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास आहे. ती एका बंदिस्त खात्यात ठेवायची आणि तेथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे काढायची.

हे पैसे कोणी घेत नाही, ते विद्यार्थ्याचेच राहतात, असे यावर सांगितले जाईल. ते खरे आहे. परक्या देशात विद्यार्थी निराधार होऊ नये, पोटासाठी त्याने रात्रपाळीत राबू नये, हा त्या नियमामागील हेतूही वाईट म्हणता येणार नाही. परंतु बारा लाख रुपये एकरकमी दाखविता येणे ही गणिताची परीक्षा नव्हे. ती बापाच्या मालमत्तेची परीक्षा आहे. मोठ्या कर्जासाठी बँक तारण मागते, आणि ज्याच्यापाशी तारण ठेवण्याजोगे काही नाही, त्याची उमेदवारी येथेच संपते. त्यातच शुल्कमुक्तीला तडे जाऊ लागले आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावले. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो घेण्यास प्रारंभ केला.

अशा परिस्थितीत योजना आखायची ती निदान दोन वर्षे आधी. जर्मन विद्यापीठे केवळ टक्केवारी पाहत नाहीत. पदवीच्या काळात रेषीय बीजगणित, विश्लेषण, अमूर्त बीजगणित, संभाव्यता हे विषय किती खोलवर शिकविले गेले, याची ती छाननी करतात. आपल्याकडील अभ्यासक्रम जेथे तोकडा पडतो, तेथे १९९३ साली सुरू झालेल्या एम.टी.टी.एस. या उन्हाळी गणित प्रशिक्षणासारख्या उपक्रमांतून उणीव भरून काढता येते. तेथे गेल्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. शिवाय कनिष्ठ विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्याची, त्यांचे सराववर्ग घेण्याची कामे गणित विभागांतच मिळू शकतात. मात्र हे उत्पन्न तेथे पोचल्यानंतरचे. उंबरठा ओलांडण्यास त्याचा उपयोग नाही. म्हणून भारतीय सांख्यिकी संस्था किंवा चेन्नई गणित संस्था यांचेही अर्ज त्याच वर्षी भरावेत. देशात राहून शिकणे हा पराभव नव्हे.

तथापि शहाणपणाचा उपदेश करून शासनाची जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा अवघ्या ७५, आणि त्या सर्व विद्याशाखांना मिळून. शिवाय विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट तिला जोडलेली आहे. ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते, गणित विभागाची नव्हे. एखाद्या विद्यापीठाचा गणित विभाग जगात नावाजलेला असला, तरी विद्यापीठाचा एकूण क्रमांक मागे पडला तर विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हुकते. ज्या विषयाचे शिक्षण घ्यायचे त्याच विषयातील लौकिक न पाहणारी ही कसोटी तर्कालाही धरून नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. निर्वाहाची तरतूद म्हणून जर्मन दूतावास शिष्यवृत्तीचे पत्रही ग्राह्य धरतो. तेव्हा ज्यांना प्रवेश मिळाला आहे पण ज्यांच्याकडे तारण नाही, अशांच्या पहिल्या वर्षाच्या निर्वाहाचा भार शासनाने शिष्यवृत्तीरूपाने उचलावा, किंवा त्यांच्या कर्जाला स्वतः जामीन राहावे. क्रमवारी विद्यापीठाची न पाहता विषयाची पाहावी. पडताळणीचे व अर्जांचे शुल्क जिल्हा पातळीवर परत मिळावे. यांपैकी कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही, आणि त्यासाठी लागणारा पैसा शासनाला पेलणार नाही असेही नाही.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे सुखवस्तूंच्या मुलांचा प्रश्न म्हणून पाठ फिरवू नये. आज तो सुखवस्तूंचा दिसतो, कारण इतरांची नावे उंबरठ्यापाशीच गळतात आणि कोणत्याही यादीत येत नाहीत. प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयात जाऊन गणिताच्या प्राध्यापकांना एवढेच विचारावे: पुढे जाऊ शकली असती अशी कोणती मुले पैशापायी थांबली? त्या नावांची यादी हेच या मागणीचे पहिले निवेदन ठरेल.