आठ सेकंदांचा घोडा

कॅलिफोर्निया म्हटलं की काय आठवतं? गोल्डन गेट, हॉलिवूड आणि तिकडे सॉफ्टवेअरमध्ये असलेला एखादा मावसभाऊ! पण सॅक्रामेंटोहून उत्तरेला दोनेक तास गाडी मारली की रेड ब्लफ नावाचं छोटंसं गाव लागतं. एप्रिलमध्ये तिथे जो जल्लोष असतो ना, तो बघून थेट आपल्याकडची जत्राच आठवते. फक्त फेट्यांच्या जागी काउबॉय हॅट!

2024च्या एप्रिलमध्ये मी तिथे गेले ती एका स्टुडंट गँगबरोबर. चिकोच्या युनिव्हर्सिटीतली सहा देशी पोरं, भाड्याची व्हॅन, डब्यात पराठे आणि ठेचा. गँगची सीनियर म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचं एमएस होऊन तीन वर्षं होत आली होती. मार्चमध्ये एच-वन-बीच्या लॉटरीचा निकाल आला आणि तिसऱ्यांदाही तिचं नाव नव्हतं. जूनमध्ये बॅगा भरायच्या. ट्रिप तिच्या सेंडऑफचीच होती, पण व्हॅनमध्ये तो शब्द कुणी काढत नव्हतं.

रेड ब्लफ राउंड-अप 1921 पासूनचा. सकाळी परेड, दुपारी रोडिओ. रोडिओचं गणित सोपं आहे. उधळलेल्या घोड्यावर किंवा बैलावर आठ सेकंद टिकायचं, एकाच हाताने धरून. मोकळा हात जनावराला लागला की बाद! टिकलात तर शंभरपैकी मार्क. त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे चक्क जनावराचे. जनावर जितकं जास्त उधळेल तितकं चांगलं. आणि कुणाला कुठलं जनावर, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं.

"म्हणजे इथेही लॉटरीच?" मैत्रीण म्हणाली. आम्ही सगळे गप्प. मग तीच खो खो हसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढचा स्वार पाचव्या सेकंदाला मातीत! मार्क शून्य. तो उठला, हॅट उचलली, जीन्स झटकली आणि चालायला लागला. सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या मॅडमच्या.

दुसऱ्या दिवशी लासेन व्होल्कॅनिक नॅशनल पार्क. रेड ब्लफहून साधारण तासाभराचा रस्ता. गावात टी-शर्टवर फिरणारी पोरं तिथे जॅकेटात कुडकुडत होती. पार्कमधून जाणारा मुख्य रस्ता बर्फामुळे उन्हाळ्यापर्यंत बंदच असतो. व्हिजिटर सेंटरला गाडी लावली आणि बर्फ तुडवत मैलभर सल्फर वर्क्सपर्यंत गेलो. चहूकडे पांढराशुभ्र बर्फ आणि मधेच भसाभसा वाफ, खदखदणारा चिखल, सडक्या अंड्यांचा वास! 22 मे 1915 ला लासेन पीकचा मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी हे नॅशनल पार्क झालं. जमिनीचा पापुद्रा इथे फसवा असतो. 1860च्या दशकात बम्पास नावाच्या वाटाड्याचा पाय अशाच पापुद्र्यातून उकळत्या चिखलात गेला आणि शेवटी कापावा लागला. ती जागा आज बम्पास हेल म्हणूनच ओळखली जाते.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. इथे खाली अजून चूल पेटलेली आहे.

परतताना मैत्रीण हळूच म्हणाली, "घरी अजून सांगितलेलं नाही गं. लोनचे हप्ते दोन वर्षं बाकी आहेत." पार्कात फोनला रेंज नव्हती. संध्याकाळी रेड ब्लफच्या पेट्रोल पंपावर तिने फोन लावला. पुण्यात सोमवारची सकाळ. आम्ही मुद्दाम कॉफीच्या रांगेत रेंगाळलो. पाच मिनिटांनी ती डोळे पुसत आली. "बाबा म्हणाले, तिकीट महाग व्हायच्या आत काढ. हप्त्यांचं दोघं मिळून बघू."

ती जूनमध्येच परतली. बाणेरमध्ये नोकरी लागली, पगार तिकडच्यापेक्षा बराच कमी. हप्ते मात्र एकही चुकला नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडे शिकत असेल, तर एप्रिलचा तिसरा वीकएंड मोकळा ठेवा. रोडिओची तिकिटं आधी काढा आणि जाड मोजे न्या. पार्क पूर्ण बघायचं असेल तर मात्र पुन्हा ऑगस्टमध्ये जा. आणि घरी सांगायचं काही राहिलं असेल, तर पार्कात शिरण्याआधीच फोन करा. आत रेंज नाही!